टुकुदीची फाईल

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकाने यंदा 'सिंगापूरमधील एक प्रेरणादायी व्यक्ती' असा विषय दिला आहे. निरोप वाचला आणि मला शिसारी आली. त्यात कोण येणार ते मला ठाऊक आहे. ऑफिस सांभाळून मॅरेथॉन पळणारे एक बँकर, कॉन्डोच्या गॅलरीत मेथी पिकवणाऱ्या एक बाई, आणि तांजोंग पगारच्या काचेच्या इमारतीत पंचविसाव्या मजल्यावर बसूनही 'मातीशी नाळ' शाबूत असलेले कुणीतरी. मी प्रबोध नियोगींबद्दल लिहितो आहे. त्यांच्यापासून इथे कुणीही प्रेरणा घेतली नाही. आम्ही त्यांच्याकडून दुसरंच काहीतरी घेतलं, न विचारता घेतलं, आणि घेतल्यावर वर त्यांनाच नियम शिकवले.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी शिरीष, मूळचा पुण्याचा, इथे एका बँकेत कंप्लायन्समध्ये. हे काम काय असतं ते माझ्या आईला शेवटपर्यंत समजलं नाही. सरळ सांगायचं तर, काही चुकलं की ते कुणाचंच चुकलेलं नाही असं वाटावं अशी पत्रं लिहायची. त्यात मी हुशार आहे. बायको सुलेखा बंगाली. पुण्यात एकाच कंपनीत होतो, तिथे जमलं. मुलगी जाई. आमचा फ्लॅट पुंगोलला.

इथल्या शाळेत मुलांना दुसरी भाषा म्हणून हिंदी घेता येते, बंगाली घेता येते, पंजाबी, गुजराती, उर्दूही घेता येते. मराठी नाही. मराठी घरांतली पोरं मुकाट्याने हिंदी घेतात आणि घरी आईबाप मराठीच्या अस्मितेवर वरण-भात जेवत चर्चा करतात. आमच्याकडे आई बंगाली, म्हणून जाईने बंगाली घेतलं. बंगालीचे वर्ग शनिवारी भरतात, एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांत. तिथे २०१२ साली प्रबोधदा शिकवायला आले. सुलेखा त्यांना दादा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला 'आमचे जामाई' म्हणत, म्हणजे बंगालचा जावई. माझं हिंदी पुण्याचं, त्यांचं बंगालचं, लिंगाचा पत्ता दोघांनाही नव्हता, पण आमचं छान चाले.

शेळपट दिसणारा माणूस. चौकड्यांचा शर्ट, चामड्याच्या चपला, डब्यात मुरमुरे आणि एक हिरवी मिरची. बायको मंदिरादी इथल्या एका इस्पितळात नर्स होती. इथे कामाचा परवाना, म्हणजे पास, तिचा, आणि हे तिच्या पासवर आलेले. आमच्या पालकांत ह्यावरून कुजबुज होई. बायकोच्या जिवावर राहतो, कविता करतो. कविता त्यांनी कधी केल्या नव्हत्या, कथा लिहायचे, पण आमच्या पालकांना तेवढा फरक कुठला. एक कथासंग्रह निघालेला होता, तीनशे प्रतींचा. त्यातल्या निम्म्या अजून बंगालातल्या श्रीरामपूरच्या भाड्याच्या घरात पलंगाखाली आहेत, असं ते हसून सांगत.

त्यांच्या शिक्षणाची हकीकत मला तुकड्यातुकड्यांत कळली. शनिवारी वर्ग सुटला की आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, काही स्टेशनं बरोबर असायचो, पुढे ते जुरोंग ईस्टकडे जायचे आणि आम्ही पुंगोलकडे. बांकुडा जिल्ह्यातलं खेडं. वडील वैद्यकी करायचे, म्हणजे होमिओपॅथीच्या गोळ्या आणि थोडा देवाचा अंगारा. घरात पाच मुलं आणि शिकवायची ऐपत एकाची. तो एक म्हणजे प्रबोध, कारण तो मुलगा आणि त्याला अक्षर लवकर आलं. चौथीला स्कॉलरशिप, मग विष्णुपूरचं हायस्कूल, बर्दवानचं कॉलेज, कोलकात्याच्या एका मेसमध्ये सहाजणांत एक खोली घेऊन एम. ए. त्यानंतर एका छापखान्यात प्रुफं तपासली, मग सोळा वर्षं शाळेत मास्तर. छापखान्याने आपल्याला लिहायला शिकवलं, विद्यापीठाने फक्त घाबरायला शिकवलं, असं ते म्हणत. दुसरा कथासंग्रह गेली अनेक वर्षं तयार होता. प्रकाशक थांबला होता, आणि हेही. त्यात एक गोष्ट कमी आहे, ती येत नाही, एवढंच सांगायचे.

आता इथल्या शिकवण्यांची एक रीत सांगतो. इथे भाषेचा शिक्षक म्हणजे फाईल देणारा माणूस. फाईलमध्ये तयार वाक्यं असतात. सूर्योदयाची चार, रागाची तीन, 'माझे हृदय धडधडू लागले' छापाची आठ-दहा. शिवाय संपूर्ण नमुना-निबंध, ते पाठ करायचे. परीक्षेत चित्र देतात, त्यावर मूल आपला पाठ केलेला निबंध नेऊन बसवतं. चित्रात बाजार असो की बाग, निबंध तोच. चिनीवाले हे करतात, तमिळवाले करतात, आम्हीही करतो. बारा वर्षांची पोरं प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत एकजात म्हातारीला रस्ता ओलांडून देतात. ह्या बेटावर एवढ्या म्हाताऱ्या नाहीत.

प्रबोधदा फाईल द्यायचे नाहीत. सकाळी लिफ्टमध्ये काय दिसलं ते लिही, म्हणायचे. आजीने फोनवर काय सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिही. पोरं पहिल्यांदा भांबावली, मग लिहू लागली. जाई एकदा लिफ्टमधल्या ओल्या कुत्र्याच्या वासावर दीड पान लिहून आली आणि मला ते तिने आपणहून मराठीत करून वाचून दाखवलं, असं तेवढं एकदाच. मला ते आवडलं होतं, हे इथे नोंदवतो. आवडलं, आणि लगेच मी सुलेखाला विचारलं की ह्याला मार्क किती पडतील.

२०१५ हे जाईचं परीक्षेचं वर्ष. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जानेवारीपासूनच आरडाओरडा सुरू झाला. ग्रुपचा म्होरक्या शुभंकर गुहा, तोही बँकेतला, त्याचा मुलगा जाईच्या वर्गात. फाईल नाही, म्हणजे मुलांचं नुकसान, असं तो रोज सकाळी आंघोळीआधी लिहायचा. मार्चमध्ये एका शनिवारी सुलेखा वर्गात मागे बसली होती. पालकांची तशी पाळी लागायची. त्या दिवशी एका मुलीने सरांना विचारलं की तुम्ही लेखक का झालात. आणि त्या माणसाने, कुणास ठाऊक का, जे तीस वर्षं कागदावर आलं नव्हतं ते चौदा मुलांना सांगितलं. सुलेखाने फोनवर रेकॉर्ड केलं. जाईला उजळणीला होईल म्हणून.

गोष्ट अशी. प्रबोध नऊ वर्षांचा आणि त्याची बहीण टुकु तेराची. तिची शाळा सोडवलेली, कारण प्रबोधची सुरू ठेवायची होती. ती त्याच्याच पुस्तकांतून चोरून शिकायची. स्कॉलरशिपची परीक्षा तालुक्याला, वाटेत नदी. थंडीचे दिवस, पाणी गुडघाभर. त्याची चड्डी भिजू नये म्हणून टुकुने त्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडली. तिचं अंग तापलेलं त्याला पाठीवर कळत होतं, उलट थंडीत ऊब मिळाली म्हणून बरं वाटत होतं. ताप आहे असं तिने घरी सांगितलं नाही, कारण मग परीक्षा बुडाली असती. ती दिवसभर शाळेबाहेर झाडाखाली बसून राहिली. परत येताना वाळूत बसली आणि म्हणाली, निबंधात काय लिहिलंस ते सांग. त्याला भूक लागली होती. तो म्हणाला, नाही सांगणार. ती म्हणाली, "बरं, उद्या सांग." तिसऱ्या दिवशी ती गेली. डोक्यात गेलेला मलेरिया होता, असं पुढे कुणीतरी अंदाजाने सांगितलं. उद्या तिला शुद्ध नव्हती. तेव्हापासून मी तिला सांगतोच आहे, असं सर म्हणाले, आणि फळा पुसायला वळले.

सुलेखा घरी येऊन रडली. तिने रेकॉर्डिंग लावलं, वाक्यावाक्याला थांबवून मला अर्थ सांगितला, आणि माझेही डोळे भरले. हे खरं आहे. मी दगड नाही. पण डोळे पुसता पुसता माझ्या डोक्यात काय आलं तेही खरं आहे, आणि ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. माझ्या डोक्यात आलं, काय मटेरियल आहे.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी फाईल केली. सुलेखाने बंगालीत टाइप केलं, आणि मला अक्षर कळत नसताना मी शेजारी बसून रचना सांगितली. सुरुवात, प्रवास, आजारपण, संवाद, शेवट, असे पाच भाग. प्रत्येक भाग सुटा वापरता यावा असा. गुडघाभर पाण्यात काही दम नाही, गळ्याइतकं कर, म्हणालो. सुलेखा घुटमळली. मी म्हटलं, अगं, मार्क त्यालाच पडतात. तिने केलं. टुकुचं नाव काढून 'दीदी' घातलं, म्हणजे कुणालाही चालेल. वर मथळा दिला, 'भावनिक प्रसंग: बहीण'. सरांचं नाव घातलं नाही. त्यांना अडचण नको, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर टाकली. शुभंकरने शाबासकीचे अंगठे टाकले. कुणीतरी लिहिलं, शेवटी एका मराठी माणसाने फाईल दिली. दुसरा अख्खा दिवस मी फुशारलेला होतो.

जुलैत सराव परीक्षा झाली. चित्र होतं, बसमध्ये विसरलेली छत्री. चौदापैकी अकरा मुलांनी टुकुला मारलं. एकाने बहिणीची आजी केली, एकाने पाळलेला ससा. नदीच्या जागी एकाने आमच्या पुंगोलचा कालवा आणला, काठावर धावायला आलेल्या लोकांसकट. छत्री तापातल्या बहिणीच्या हातून बसमध्ये राहायची, आणि शेवटी सगळ्यांचंच 'बरं, उद्या सांग'. ससासुद्धा म्हणाला.

ते अकरा पेपर प्रबोधदांनी तपासले. विचार करा, जुरोंग ईस्टच्या त्या भाड्याच्या खोलीत बसून माणसाने हे अकरा वेळा वाचलं. त्यांनी शुद्धलेखन तपासलं, नेहमीसारखं बारीक अक्षरात. जाईच्या पेपरात 'गळ्याइतकं पाणी' होतं, त्यावर आडवी रेघ मारून त्यांनी 'गुडघाभर' लिहिलं. अकराही पेपरांत तेवढं दुरुस्त केलं. मार्कांची चौकट कोरी ठेवली. बाकी एक अक्षर नाही.

मी जाईला विचारलं, तू का तेच लिहिलंस, तुला तर चांगलं लिहिता येतं. तिने फोनमधून मानही वर केली नाही, इथल्या पोरांच्या 'ला' लावलेल्या इंग्रजीत म्हणाली,

"एव्हरीवन यूज्ड इट, ला. सरची सिस्टर कुठेही फिट होते, बाबा."

बारा वर्षांची मुलगी. तिला मी दोष देत नाही. पाच सुटे भाग मीच करून दिले होते.

मार्क नाहीत म्हटल्यावर पालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन महिन्यांवर परीक्षा आणि मास्तर रुसून बसतो म्हणजे काय. शनिवारी वर्गानंतर बैठक बोलावली. शुभंकरने बोलायला सुरुवात केली ती मुलांच्या मानसिक आरोग्यापासून, आणि शेवटी मुद्द्यावर आला की सर, मजकूर तुमचाच आहे, तुम्हीच दिलात, मग मुलांनी वापरला तर राग कसला. प्रबोधदा टेबलाच्या टोकाला बसले होते, डबा मांडीवर. ते सगळ्यांकडे बघत होते, माझ्याकडेही. फाईल कुणी केली ते त्यांना तोवर कळलेलं होतं.

"मी सांगितली," ते म्हणाले. "दिली नव्हती."

कुणाला काही समजलं नाही. एका बाईंनी विचारलं की मग मार्क कधी मिळतील. ताकीद-पत्राचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे. मी लिहिलं. 'मूल्यमापनात सातत्य राखण्याविषयी'. प्रबोधदांनी ते सही करून घेतलं आणि सगळ्यांना मार्क दिले. सप्टेंबरमध्ये खऱ्या परीक्षेत किती बहिणी मेल्या ते मला माहीत नाही. जाईला बंगालीत ए-स्टार मिळाला. नोव्हेंबरमध्ये एका कॉन्डोच्या हॉलमध्ये आम्ही निकालाची पार्टी केली आणि सरांना शाल दिली. शालीची कल्पना माझी, आपल्याकडे देतात तशी. ते खांद्यावर शाल घेऊन फोटोला उभे राहिले, तो फोटो अजून ग्रुपवर आहे. पुढच्या वर्षी त्यांना वर्ग दिला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. थोडी लाज वाटली असती, मग ती विरली असती. लाज विरते, मला अनुभव आहे.

वर्ग गेल्यावर त्यांना वेळ मिळाला. २०१६ च्या मेमध्ये ते मला जुरोंग ईस्टच्या स्टेशनवर भेटले आणि आपणहून म्हणाले की ती गोष्ट लिहून झाली. अकरा मुलांनी चुकीची लिहिली, तेव्हा आता बरोबर लिहिणं भाग पडलं. रागाचा सूर नव्हता. चेहरा असा होता की मला वाटलं, बघा, शेवटी आमच्यामुळे चांगलंच झालं. असं वाटायला मला एक सेकंदही लागला नाही. कोलकात्याच्या एका नावाजलेल्या त्रैमासिकाच्या पूजा अंकात ती गोष्ट आली. बंगाल्यांचा पूजा अंक म्हणजे आपला दिवाळी अंक. सुलेखाच्या वडिलांकडे तो अंक वर्षानुवर्षं येतो. त्यांचा फोन आला, म्हणाले, तुमच्या सिंगापूरच्या ह्या मास्तराने मला म्हातारपणी रडवलं. प्रकाशकानेही संग्रह छापायला घेतला. इतकी वर्षं कमी असलेली एक गोष्ट आली होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच त्रैमासिकात चौकट आली. एका वाचकाने कळवलं होतं की ही कथा शालेय नोट्सच्या एका वेबसाइटवर दोन वर्षांपासून पडून आहे, प्रसंग तेच, संवाद तेच, शेवटचं वाक्यही तेच. संपादकांनी तपासलं, खरं निघालं. आमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी चुलतभावाने ती फाईल तिकडे चढवली होती. संपादकांनी वाचकांची माफी मागितली होती आणि यापुढे सदर लेखकाचं लेखन स्वीकारलं जाणार नाही असं छापलं होतं. प्रकाशकाने संग्रहाचं काम थांबवलं. म्हणजे नीट बघा काय झालं. स्वतःच्या बहिणीचं मरण त्यांनी शाळकरी नोट्समधून चोरलं, असं ठरलं.

प्रबोधदांनी मला बोलावलं. जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, शनिवारी सकाळी भेटलो. ते वाळले होते. चहा घेतला, पण तसाच ठेवला. मला वाटलं होतं, चिडतील, आणि मी त्याची तयारी करून गेलो होतो. ते चिडले नाहीत, आणि तयारी वाया गेली.

"जामाई, फक्त दोन ओळी हव्यात," ते म्हणाले. "मुलांनी हे माझ्या तोंडून ऐकलं, आणि फाईल त्यानंतर झाली. कुणी केली ते नाही लिहिलंत तरी चालेल. प्रकाशक मार्चअखेरपर्यंत थांबतो म्हणाला आहे."

मग संकोचून विचारलं की सुलेखाने रेकॉर्डिंग केलं होतं असं एक मुलगी म्हणाली होती, ते आहे का. मी म्हणालो, फोन बदलला, गेलं. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. प्रश्न आला की आधी कागद नाकारायचा, ही माझ्या धंद्यातली सवय. रेकॉर्डिंग होतं. बावीस मिनिटांचं, तारखेसकट.

घरी येऊन सुलेखाला सांगितलं. ती लगेच म्हणाली, मी लिहिते, आत्ता लिहिते. मग तिला आठवलं. तिच्या वडिलांकडे तो अंक येतो. टाइप तिने केलं होतं, हे तिचे वडील वाचणार. माझं नाव नको घालूस, म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी बघतो. त्याच क्षणी मला कळायला हवं होतं की मी बघतो म्हणजे काय होणार.

मी ग्रुपवर विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण चार जणांत वाटून घेतलं की आपल्या वाट्याचं हलकं होतं. शुभंकरचा फोन आला. लेखी कशाला द्यायचं, म्हणाला, उद्या कुणी परीक्षेशी जोडलं तर अकरा मुलांच्या निकालावर शिंतोडे उडतील, जाई आता एवढ्या चांगल्या शाळेत आहे. पाठांतर केलं म्हणून इथे आजवर कुणाचा निकाल गेलेला नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. भीती खरी नव्हती. सोयीची होती. मी ती दोन्ही हातांनी धरली.

तीन आठवडे लावले त्या दोन ओळींना. मार्चच्या शेवटच्या शनिवारी पत्र घेऊन गेलो. लेटरहेड पालक समितीचं, इंग्रजी निर्दोष. आमच्या माहितीप्रमाणे सदर मजकूर काही काळ विद्यार्थ्यांमध्ये प्रचलित असल्याचे दिसते, त्याच्या मूळ स्रोताविषयी स्वतंत्र खातरजमा करणे समितीस शक्य नाही, श्री. नियोगी यांच्या अध्यापनसेवेविषयी समितीस आदर आहे. एवढ्यावर सहाजणांच्या सह्या. एकाही वाक्याला कर्ता नाही. कंप्लायन्समध्ये ह्यासाठी मला बढती मिळाली असती.

त्यांनी ते सावकाश वाचलं. मग उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली, तिथे काही आहे का म्हणून. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब नूडल्स खात होतं, लहान मूल चमचा आपटत होतं.

"यात मेलं कोण, ते कळत नाही," ते म्हणाले.

मी काहीतरी बोललो. लीगल बाजू, मुलांचं भविष्य, तुम्ही समजून घ्याल. त्यांनी समजून घेतलं, हीच तर शिसारी येण्यासारखी गोष्ट. पत्राची नीट घडी घालून खिशात ठेवली, धन्यवाद म्हणाले, जाईला आशीर्वाद सांगितले. ते पत्र त्यांनी कोलकात्याला पाठवलं की नाही मला माहीत नाही. पाठवलं असेल तर त्याने त्यांचं उरलंसुरलंही गेलं असेल. ज्याच्या बाजूने साक्षीदार असं लिहितो, त्याला चोर म्हणायला पुरावा लागत नाही.

संग्रह निघाला नाही. २०१८ मध्ये मंदिरादीचं कंत्राट संपलं आणि ती दोघं परत गेली, श्रीरामपूरला नाही, बांकुड्याच्या त्या खेड्यात. मंदिरादी सुलेखाला अधूनमधून निरोप पाठवते. दादा बरे आहेत, भाजी लावतात, गावातल्या मुलींना शिकवतात. लिहितात का, असं सुलेखाने एकदा विचारलं. नाही, असं उत्तर आलं, आणि पुढे, वाचतही नाहीत. सुलेखा माझ्याशी बोलते, घर चालतं, आम्ही दर वर्षी सुट्टीला बालीला किंवा कुठेतरी जातो. तिने त्या दिवशी स्वतःला वाचवलं, हे तिला ठाऊक आहे. आणि तिला वाचवायच्या नावाखाली मी मला वाचवलं, हेही तिला ठाऊक आहे. आम्ही एकमेकांना काही म्हणत नाही. दोघांचेही हात बरबटलेले असले की संसार निमूट चालतो.

तर हे घ्या. टुकु नियोगी ही प्रबोध नियोगी यांची बहीण होती. तिच्या मृत्यूची हकीकत त्यांनी २०१५ च्या मार्चमध्ये चौदा मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती चोरून फाईल मी केली, मी, शिरीष, आणि त्यांची कथा फाईलनंतर आली कारण ते जास्त प्रामाणिकपणे आणि जास्त सावकाश लिहितात. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.

लिहायला पाच मिनिटं लागली. ते त्रैमासिक अजून निघतं, संपादकही तेच आहेत, त्यांचा ईमेल पत्ता अंकाच्या दुसऱ्या पानावर असतो आणि तो मला पाठ आहे. आणि मी हे मराठीत लिहिलं आहे, कारण तिथे मराठी कुणालाही वाचता येत नाही.